तीन गुण कमी

गेल्याच्या गेल्या नोव्हेंबरात नियम लिहिले तेव्हा मजा आली होती.
दीपरक्षक: सातवी पातळी,
जुन्या लिपींच्या ज्ञानात आठ गुण,
आणि ओसाड बुरुजावर एकट्याने लावलेला एक दिवा.
वाचताना खिळे ठोकलेल्या दारासारखं वाटायचं.
दार मीच केलं होतं. हात फिरवून पाहिला.

डुलुथमधल्या एका बेकरीच्या तळघरात
आम्ही दर गुरुवारी खेळतो.
वर पहाटेच्या पावांचं पीठ फुगत असतं,
खाली फासे घरंगळतात,
आणि खिडकीबाहेर, पावलांच्या उंचीवर,
सुपिरिअर सरोवराचा वारा बर्फ ढकलत असतो.

कॉर्विनने नियम पहिल्याच रात्री वाचले.
तो कर खात्यात आहे, त्याला रकाने आवडतात.
त्याच्या तलवारबाजाने जन्मात एक अक्षर वाचलं नाही,
पण दर पातळीला एखादा गुण जुन्या लिपींत,
गुपचूप, भिशी भरावी तसा.

टोइनी बर्फ काढण्याचा ट्रक चालवते.
बर्फ पडला की ती येत नाही,
आणि इथे बर्फ पडतोच.
तिच्या नावाड्याचे गुण गेले
वल्ह्यात, जखमा बांधण्यात, एकदा रागाच्या भरात स्वयंपाकात,
कारण त्या त्या रात्री तेच लागत होतं.
पुलावर कंदील धरून तो उभा राहिला, बाकीचे पळाले.
विहिरीतही. खाणीतही.
जुन्या लिपी: पाच.

"तीन गुण कमी," मी म्हणालो,
वाणी वजन सांगतो तसं.
तिने पेन्सिल कानामागे खोचली.
"असू दे."

पात्र म्हणजे कागदावरचा माणूस.
ज्यात काही मावतं तेही पात्र,
नदी जिथून वाहते तेही.
आणि पात्रता मी
आठ या आकड्यात मोजत बसलेलो.

दारच नको, असं नाही.
नाहीतर तिसऱ्या पातळीचं कुणी
मध्यान्हीचा सूर्य खिशात घेऊन फिरेल
आणि बाकीचे टाळ्या वाजवायला उरतील.
पण माझ्या बापाला गोदीवर क्रेन चालवायची होती:
परवान्याला अनुभव लागायचा,
अनुभवाला परवाना.
चाळीस वर्षं तो खाली उभा राहून,
मान वर करून, हात हलवून,
दुसऱ्यांना दिशा दाखवत राहिला.
नियम चुकीचा नव्हता. फक्त गोल होता.

पहाटे खोडरबर घेतलं.
लिपी खोडल्या. मग थांबलो.
कॉर्विनची चौदा महिन्यांची भिशी
भरत आल्यावर बुडवायची, हीही लबाडीच.
पुन्हा लिहिल्या, खोडल्याच्या खुणेवर.
खाली लिहिलं: किंवा.
त्या एका शब्दानंतर तासभर काही सुचेना.
किंवा, ज्याने उजेडासाठी स्वतःचं काही गमावलं
आणि ते पाहिलेलं दुसरं कुणी
टेबलावर सांगायला तयार आहे.
कुठल्याही दाराने या, किंमत एकच:
यापुढे अंधारात लपता येणार नाही.

गुरुवारी कागद फिरवला.
डेलोरिसने चष्मा पुसून दोनदा वाचला.
"साक्षीदार कोण?"
मला वाटलं थिओ बोलेल, तो भोळा आहे.
कॉर्विन बोलला, आपल्या रकान्यांकडे बघत:
"पुलावर सगळ्यात आधी मी पळालो.
मागे वळून पाहिलं. उजेड हलत नव्हता."
मग, कुणी काही म्हणायच्या आत,
"माझे आठ मात्र आठच धरा."
धरले.

नियम टिकेल का, ठाऊक नाही.
उद्या कुणी गमावल्याचं सोंग आणेल,
कुणी साक्षीसाठी मित्राला पिझ्झा चारेल.
तेव्हा पुन्हा खोडरबर.

टोइनीने कानामागची पेन्सिल काढली
आणि फोन वाजला: आठ इंच, टेकडीचा रस्ता बंद.
'दीपर' एवढंच लिहून ती कोट चढवत निघाली.
आम्ही रिकाम्या खुर्चीभोवती फासे टाकत राहिलो.
साडेदहाला तळघराच्या खिडकीतून
पिवळा, फिरता उजेड छतावर आला,
पिठाच्या पोत्यांवरून, कॉर्विनच्या हातावरून
सरकत पुढे गेला.